बातमीतून गाळलेलं वाक्य

१

दसऱ्यासाठी राखलेला माणिकबाईचा झेंडू उभ्या जागी मेला होता.

सप्तमीच्या सकाळी ती लेकीच्या घरून, वलगावहून परतली. लेकीला डेंग्यू झाला म्हणून घट बसायच्या आधीच ती तिकडे गेली होती. मळ्याचं फाटक ढकललं आणि पुढचं पाऊल तिला टाकवेना. केशरी फुलांनी लदबदून जायला हवे होते ते वाफे या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी पडले होते. कळ्या न उमलताच माना टाकून लोंबत होत्या.

तिनं पहिला फोन पोलिसांना केला नाही. गीतांजलीला केला.

गीतांजली गावंडे पातूरची. अमरावतीत पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होती. त्यांच्या वर्गात प्रत्येकाला शहरातला एक मोहल्ला वर्षभरासाठी नेमून दिला होता. तिथं फिरायचं, माणसं ओळखायची, बातम्या काढायच्या. तिच्या वाट्याला माळीवेस आली. जुन्या परकोटाबाहेर, नाल्याच्या काठानं वसलेली वस्ती. समोर घरं, मागं भाजीचे आणि फुलांचे मळे. पावसाळ्यात तिनं लिहिलेल्या पहिल्याच बातमीनं वस्ती हादरली होती: माळीवेशीतला पालक गटाराच्या पाण्यावर वाढतो. वर्गाच्या सरावअंकातली ती बातमी एका मोठ्या दैनिकानं उचलली आणि महापालिकेचं पथक जेसीबी घेऊन आलं.

ती पोचली तेव्हा शेजारच्या मळ्यातली लीलाबाई माणिकबाईच्या पाठीवरून हात फिरवत रडत होती.

"काल दुपारी म्या पाणी देलं वो बाई, तवा फुलं हासून राह्यले होते! एका रातीत कोण असा दुष्मन आला?"

गीतांजलीनं वाकून एक रोप धरलं. ओढावंही लागलं नाही, हाताबरोबर वर आलं. मुळं काळी पडून कुजली होती. धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवतसुद्धा बुडापासून पिवळं. कापूस-सोयाबीनच्या घरातली पोरगी ती, तिला वेगळं सांगायला नको होतं.

"तणनाशक मारलंय, मावशी."

माणिकबाईचे डोळे कोरडे होते. "काल दिवस बुडता बुडता पुलावर त्या कुंदनची गाडी उभी होती. साऱ्या मोहल्ल्यानं पाह्यली. गीतांजली, तुह्यासाठी मी तोंड उघडलं होतं ना? आता तू माह्यासाठी उघड. त्याचं नाव छाप. त्याच्या माईले बी वाचता आलं पायजे, एवढ्या मोठ्या अक्षरात छाप."

२

पालकाच्या बातमीत 'परिसरातील एका महिलेने सांगितले' असं जे छापलं होतं, ती महिला माणिकबाई होती. हे फक्त तिघांना ठाऊक होतं: गीतांजलीला, मुलाखतीचं चित्रीकरण करणाऱ्या शुभम या तिच्या वर्गमित्राला आणि त्यांना पत्रकारिता शिकवणाऱ्या बोंडे सरांना. ज्या बाईनं विश्वासानं माहिती दिली तिचाच मळा जळाला, म्हणून गीतांजलीच्या अंगाची लाहीलाही होत होती.

त्यात कुंदन. जमिनी जमवून लेआउट पाडणारा माणूस. माळीवेशीतले मळे गिळायला टपलेला. गीतांजली त्याच्या कार्यालयात शिरली तर भिंतीवर तिचीच बातमी मोठी करून लावलेली. खाली लाल अक्षरं: 'विषारी भाजी बंद करा, माळीवेशीचा विकास करा.' घाण पाणी बंद व्हावं म्हणून तिनं लिहिलं होतं आणि हा त्याच कागदानं माळ्यांना हुसकावत होता.

"या मॅडम, तुमचे तं आमच्यावर उपकार हाय," कुंदन हसला.

"काल संध्याकाळी माळीवेशीच्या पुलावर काय करत होता?"

"एका पार्टीले जागा दाखवत होतो. गाडीतून खाली बी नाई उतरलो, चिखल होता."

"आणि रात्री माणिकबाईंचा झेंडू मेला."

त्याचं हसू जरा आटलं. "हे पाहा, मी लोकाईले वाईट वाटतो, ते वाटू द्या. पण मले झेंडू मारून काय भेटते? झेंडू दसऱ्याले विकून मोकळा होते, जमीन तठीच राह्यते. मले जमीन पायजे. त्या बाईले असं दुखवलं तं ती मरेपर्यंत देईन का मले? इतके दिवस नागपूरले होतो, कालच आलो. इचारून घ्या कोणाले बी."

गीतांजलीला तो जे बोलला त्यातला एकही शब्द पटवून घ्यायचा नव्हता. भिंतीवरच्या आपल्या नावाकडे पाहत ती उठली. या माणसाला आपल्या हातानं उघडा पाडायचा, हे तिनं जिना उतरतानाच ठरवून टाकलं. आता फक्त साक्षीदार हवा होता.

३

साक्षीदार लगेच मिळाला.

लीलाबाईच्या मळ्यात पालकाचा मागमूस नव्हता. जेसीबीनं उलथलेली ढेकळं तशीच पडून होती, त्यांवर रानटी गवत उगवलं होतं. माणिकबाईच्या मळ्यात जायची वाट याच ढेकळांतून होती. तो आतल्या अंगाला, तुरीच्या दाट कुंपणापलीकडे. लीलाबाईनं ओसरीवर सतरंजी टाकली, चहा ठेवला.

"म्या पाह्यलं पोरी," ती हळू आवाजात म्हणाली. "अंधार पडता पडता. कुंदनचा माणूस होता. पाठीवर पंप. तू लिही, मी सांगतो म्हणून लिही."

"काल दुपारी झेंडू चांगला होता?"

"चांगला? अवं, डोळे दिपत होते! ती वलगावले गेली तं मलेच सांगून गेली, लीला, पाणी देत जाजो. म्या एक दिवस खाडा नाई केला."

गीतांजली भराभर टिपत होती. निघताना तिनं उलथलेल्या वाफ्यांकडे पाहिलं आणि तिला अवघडल्यासारखं झालं. "काकू, तुम्हाला माझा राग येत असंल."

लीलाबाई हसली. "तुह्यावर काहून राग? तू शिकून राह्यली. जे सांगतलं ते लिवलं. लोकाईनं मात्र आमची लाज काढली वो. गाईले बी घालाच्या लायकीचा नाई म्हणे आमचा पालक! माह्या नितेशची सोयरीक ठरली होती वरूडले. संत्र्याच्या बागायतदाराची पोरगी. त्याईनं बातमी वाचली आन् निरोप धाडला, गटारवाल्याइच्या घरी पोरगी देत नाई. पोट्टा अकोल्याले निंगून गेला, दालमिलमंदी पोते उचलते. घर कसं भकास झालं पाह्य."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि चहात आणखी साखर घालू का म्हणून विचारलं.

गीतांजली स्कूटीवर बसली ती बातमीचा मथळा जुळवतच. 'भूखंडासाठी फुलांची हत्या.' कुंदनचं नाव पहिल्याच ओळीत.

४

"कोणी फवारताना पाहिलं?" बोंडे सरांनी विचारलं.

"लीलाबाईंनी पाहिलं, सर."

"कुंदनला?"

"त्याच्या माणसाला."

"माणसाचं नाव? चेहरा? कुंदनचाच माणूस हे त्यांना कशावरून कळलं?" सरांनी कागद परत तिच्या पुढ्यात सरकवला. "गीतांजली, ही बातमी नाही, हा सूड आहे. सूड घ्यायचा तर घे, पण माझ्या अंकात नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते अपमानाचं. सर वयस्कर झाले, घाबरतात. ठीक आहे. माळीवेशीचे, महाविद्यालयाचे, अर्ध्या अमरावतीचे ग्रुप तिच्या फोनमध्ये होते. तिथं टाकायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून तिनं मजकूर चढवला. कुंदनचा फोटो जोडला. त्यानं आपल्या बातमीचा कसा वापर केला हे लोकांना कळावं म्हणून जुन्या बातमीचं कात्रणही जोडायचं ठरवलं. जोडण्याआधी सहज वाचलं.

दुसऱ्यांदा वाचलं. मग ओळ न् ओळ बोट ठेवून वाचलं.

गाईचं वाक्य त्यात नव्हतं.

मुलाखतीत माणिकबाई बोलली होती: 'तो पालक तं म्या माह्या गाईले बी घालत नाई.' वाक्य झणझणीत होतं, गीतांजलीनं मथळ्यातच घातलं होतं. पण बोंडे सरांनी लाल पेनानं ते उडवलं. आख्ख्या माळीवेशीत गाय फक्त माणिकबाईच्या दारी होती. ते वाक्य छापणं म्हणजे तिचं नाव छापणंच. दैनिकातही ते कधी आलं नाही.

मग लीलाबाईच्या तोंडी ते कुठून आलं?

गीतांजलीचा अंगठा 'पाठवा'वर टेकलेला होता. तिनं तो उचलला. माणिकबाई बोलली हे लीलाबाईला ठाऊक होतं. आणि ते सांगू शकणारे, गीतांजली सोडून, दोघंच होते. सरांनी तर ते वाक्य झाकण्यासाठीच उडवलं होतं.

उरला शुभम.

५

शुभम कॅन्टीनच्या मागं, कडुलिंबाखाली कॅमेऱ्याची काच पुसत बसला होता. गीतांजलीनं तोंडाला येईल ते सुनावलं. विश्वासघातकी म्हणाली. एका बाईचं वर्षभराचं पीक तुझ्या बडबडीनं गेलं, म्हणाली. आजूबाजूची पोरं चहाचे ग्लास हातात धरून बघत राहिली.

त्यानं काच पुसायचा फडका बाजूला ठेवला. मग म्हणाला, "सकाळी कुंदन होता. आता मी हाय. संध्याकाळी कोण? तुले खरं शोधाचं हाय, का कोणाचं तरी डोक्सं पायजे?"

"मग तिला कळलं कसं?"

"मले काय माहीत! मुलाखत आपण कुठी घेतली होती? तुरीच्या कुंपणाच्या अलीकडे, धुऱ्यावर बसून. पलीकडे कोणाचा मळा हाय?" त्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून तिच्या हातावर आपटलं. "घे. त्या दिवशीची मुलाखत यात हाय आन् माळीवेशीत काढलेला एक न् एक फोटो बी. पाह्य आन् मंग मले शिव्या दे."

तो निघून गेला. गीतांजली तिथंच बाकावर बसली, लॅपटॉप उघडला. आधी मुलाखत लावली. माणिकबाईच्या आवाजामागं, अगदी जवळ, कुणीतरी भाजी खुडत असल्याचा कटकट आवाज येत होता. गाईचं वाक्य आलं आणि तो आवाज थांबला. नंतर पुन्हा आलाच नाही.

तिनं फोटो पुढं सरकवले. नवरात्राच्या विशेषांकासाठी शुभम ललितापंचमीला माळीवेशीत गेला होता. उलथलेल्या वाफ्यांचा एक फोटो त्यानं लीलाबाईच्या मळ्यातून काढला होता. पुढं ढेकळं, मागं तुरीचं कुंपण, आणि कुंपणाच्या फटीतून दिसणारा माणिकबाईचा झेंडू.

तिनं फोटो मोठा केला. झेंडू पिवळा फटक पडला होता. फुलं नाही, पानं. कळ्यांनी माना टाकल्या होत्या.

पंचमीला. कुंदनची गाडी पुलावर आली ती षष्ठीच्या संध्याकाळी. आणि लीलाबाई शपथेवर सांगत होती, षष्ठीच्या दुपारी फुलं हसत होती!

गीतांजलीला सकाळचं ते उपटून आलेलं रोप आठवलं आणि ती स्वतःवरच चिडली. एका रात्रीत पानं जाळणारं औषध वेगळं असतं. त्यानं पानं करपतात, मुळं मात्र पांढरीच राहतात. मुळं कुजवणारं औषध पानांतून हळूहळू खाली उतरतं, त्याला आठवडा लागतो. बापाच्या शेतात धुऱ्यावर तेच तर मारतात. रागाच्या भरात डोळ्यांपुढचं मूळ तिला दिसलं नव्हतं.

म्हणजे फवारा पडला तो घट बसायच्या सुमारास. तेव्हा कुंदन नागपूरला होता, आणि मळ्यात जाणारी वाट लीलाबाईच्या ढेकळांतून होती.

पण फवारलं कुणी? त्या म्हाताऱ्या बाईनं, की जिची सोयरीक मोडली त्या तरण्या पोरानं?

६

अष्टमीला गीतांजली पातूरला घरी निघाली आणि वाटेत अकोल्याला उतरली. बोंडे सरांच्या ओळखीच्या एका बातमीदाराला सोबत घेऊन तिनं एमआयडीसीतली ती दालमिल शोधून काढली. जेवणाच्या सुटीत नितेश बाहेर आला. केसांवर, पापण्यांवर तुरीच्या डाळीची पिवळी धूळ. गीतांजलीला ओळखून त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

"आता काय लिवाचं राह्यलं, ताई?"

"माणिकबाईंचा झेंडू कुणीतरी मारला."

त्याला खरोखरच धक्का बसला. "माणिककाकूचा? कवा?" मग तो कडवटपणे हसला. "मले इचाराले आल्या का? पोळा झाला तवापासून मी अमरावतीत पाय नाई ठेवला. सुपरवायझरले इचारा. एक बी खाडा नाई. मले त्या मोहल्ल्याचं तोंड पाह्याचं नाई. वरूडची ती पोरगी मले रोज फोन करे. बातमी छापून आली त्या दिवसापासून नंबर बंद."

 गीतांजलीनं विचारलं, "तुमच्या घरी फवारणीचा पंप आहे ना?"

"हाय की. माळ्यावर टाकला होता. पालकच नाई राह्यला तं पंप काय कामाचा? आईनं काढला म्हणा थो परत. घटाच्या आदल्या दिवशी फोन केला होता तिनं, नितेश, त्याचं झाकण कसं बसवतेत म्हणे. म्या म्हटलं, कशाले पायजे? तं म्हणे, डास लय झाले, नालीवर मारतो. म्या सांगतलं, निळ्या कॅनीले हात नोको लावू, ते धुऱ्याच्या गवताचं औषध हाय, ते..."

तो थांबला.

मिलचा भोंगा वाजला. माणसं उठून आत जाऊ लागली. नितेश जागचा हलला नाही. 

"ताई, माहं ऐका. म्या केलं म्हणून लिवा. मी आलतो रातच्याले, कोणी नाई पाह्यलं. माहं नाव टाका."

"तुम्ही एकही खाडा केला नाही, आत्ताच म्हणालात."

त्यानं दोन्ही हात जोडले. धूळ भरल्या पापण्यांखालून पाणी वाहत होतं. गीतांजलीला त्याच्याकडे पाहवेना.

७

नवमीला ती माळीवेशीत परतली. लीलाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. या वेळी तिनं सतरंजी टाकली नाही. मुलाचा फोन आला असणार.

गीतांजलीनं एकेक करून सगळं सांगितलं. छापलंच नव्हतं ते गाईचं वाक्य. पंचमीचा फोटो. कुजलेली मुळं. माळ्यावरून खाली आलेला पंप. लीलाबाईनं मान वर केली नाही, निवडणं थांबवलं नाही. शेवटी गीतांजली म्हणाली, "काकू, कुंदनची गाडी आयतीच पुलावर आली म्हणून तुम्ही त्याच्यावर ढकललं. पण नितेशदादा तुमच्यासाठी स्वतःवर घ्यायला तयार आहेत. त्यांनी—"

"त्याले मंधात नोको आणू." लीलाबाईनं सूप बाजूला ठेवलं. आवाजात रडं नव्हतं, भीतीही नव्हती. "म्या मारला फवारा. तीन चकरा मारल्या, पाठ सोलून निंगाली. एक रोप सोडलं नाई."

"इतक्या वर्षांच्या मैत्रिणीचा?"

"म्हणूनच! तू बाहेरची. तुले सांगतलं ते तू लिवलं. पण सांगणारी घरची होती. माह्या नितेशले तिनं मांडीवर खेळवलं. पालकाच्या पाण्याचं तिले दुखत होतं तं मले येऊन बोलती. कुंपणाच्या अलीकडे बसून म्या तिच्या तोंडून ऐकलं, माह्या हातची भाजी तिच्या गाईले बी चालत नाई. पालक खुडता खुडता माहे हात थंडे पडले. मंग जेसीबी आला. मंग वरूडचा निरोप आला. ती माह्या घरी येऊन बसे, अर्र अर्र करे, चहा पेऊन जाये. म्या इचार केला, हिले बी कळू दे, पीक डोळ्यादेखत मरते तवा कसं लागते. दसऱ्याच्या तोंडावर. रोज पाणी द्याले जात होती मी. पाणी देत नव्हती, पाहत होती. आज इतकं पिवळं झालं, आज इतकं."



"आन् एक सांग," लीलाबाई पुढं झाली. "तिचा झेंडू कोणत्या पाण्यावर वाढते? इचारलं कधी? त्याच नाल्याच्या. तिचा पाइप माह्या पाइपाच्या शेजारून जाते. तो झेंडू दुर्गेच्या गळ्यात पडते, लोकं प्रसादाच्या ताटात ठेवतेत. माह्या पालकाले जेसीबी आन् तिच्या फुलाले हार. तुह्या बातमीत ते कुठी होतं?"

कुठंच नव्हतं. गीतांजली त्या धुऱ्यावर कितीदा बसली होती. पाय हलवत, झेंडूचे फोटो काढत. पाइप तिच्या पायाखालून गेला होता आणि तिनं विचारलं नव्हतं, कारण माणिकबाई तिची माणूस होती.

"आता छाप," लीलाबाई म्हणाली. "माहं नाव टाक, फोटो टाक. मी ना म्हणत नाई. पण या बारीनं पुरं छाप. अर्धं छापशीन तं माणिकचा बदला म्या घेतला, तुह्या बातमीचा कोणीतरी घेईन."

८

खरं तर इथं गीतांजलीला मोकळी वाट होती. गुन्हेगार सापडली होती, कबुली होती. लीलाबाईचं नाव छापायचं आणि नाल्याच्या पाण्याचं सोडून द्यायचं. माणिकबाईचा सूड पुरा, तिचा फुलांचा धंदाही वाचला. पण मग लीलाबाईनं हे का केलं, त्याचं अर्धं उत्तर पुन्हा दडपलं गेलं असतं. आणि पुरं लिहिलं तर ज्या बाईला न्याय द्यायचा तिचाच धंदा बुडणार होता.

ती माणिकबाईकडे गेली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

माणिकबाई गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. कुंदनचं नाव ऐकायला ती तयार होती. हे नाव तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. "लीला?" ती दोनदा म्हणाली. "माह्या पोरीच्या बाळंतपणात तिनंच तेल-पाणी केलं." मग हळूहळू तिचा जबडा आवळला गेला.

"मावशी, तिचं नाव छापलं तर तुमच्या पाण्याचं बी छापावं लागंल. मी ते सोडणार नाही."

"छापजो."

"मग पुन्हा लावलेली फुलंही कुणी घेणार नाही."

"नाई घेतले तं नाई घेतले. माही बाग तं गेली, मले आता काय शिल्लक हाय? पण लोकं तिच्याकडे बोट दाखवतीन का नाई? ते पायजे मले." ती गीतांजलीकडे वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी कठोर शांती होती, तशीच गीतांजलीनं सकाळी दुसऱ्या ओसरीवर पाहिली होती. "माहं बी नाव लिव. 'एक महिला' नोको. माणिकबाई लिव."

बातमी दसऱ्यानंतर आली. बोंडे सरांनी एकही वाक्य गाळलं नाही. दोन्ही बायांची नावं होती, दोन्ही पाइप होते, वरूडचा निरोप होता. नितेशनं सगळं स्वतःवर घेऊ पाहिलं, एवढं मात्र गीतांजलीनं लिहिलं नाही. ते तिनं अकोल्यातच ठेवलं. पोलिसांनी लीलाबाईला बोलावलं. तिनं तिथंही तेच सांगितलं, म्या मारला, आणि कागदावर अंगठा नव्हे, वळणदार सही केली. खटला चालू आहे. पथक पुन्हा आलं. या वेळी दोन्ही पाइप निघाले. दिवाळीत माळीवेशीच्या झेंडूकडे बाजारात कुणी वळून पाहिलं नाही.

गीतांजलीनं शुभमची माफी मागितली. त्यानं ती लगेच दिली नाही. कार्ड मात्र परत घेतलं.

थंडी पडू लागली तेव्हा ती एकदा माळीवेशीत गेली, तर पुलावर कुंदनची गाडी उभी. तो आत बसून पान चघळत होता, चेहरा त्रासलेला. तिला पाहून त्यानं काच खाली केली.

"मॅडम, तुमच्या बातमीनं माहं काम सोपं झालं असं वाटलं होतं मले. पाणी बंद, पीक बंद. म्हटलं आता दोघी बी सह्या करतीन. माणिकबाईकडे गेलो तं म्हणे, 'ती लीला अठून गेल्याशिवाय मी हालत नाई.' लीलाबाईकडे गेलो, तं ती म्हणते, 'माणिकची खाट उचलली जाईन तवा मी जाईन.' दोघीईनं मिळून महापालिकेत बोअरवेलचा अर्ज केला. एकाच कागदावर. एकमेकींशी बोलत नाईत आन् अर्ज एकच!"

गीतांजली पुलाच्या कठड्याशी गेली. खाली, तुरीच्या कुंपणाच्या दोन बाजूंना दोन बाया वाफे खणत होत्या. एकमेकींकडे पाठ करून. एकीची कुदळ थांबली की दुसरीची जोरात चालू लागे.

"किती दिवस चालंल हे?" कुंदननं मागून विचारलं.

 खाली माणिकबाईनं कमरेवर हात ठेवून श्वास घेतला, कुंपणापलीकडे एक नजर टाकली आणि पुन्हा कुदळ उचलली.

"या जन्मात तर संपत नाही," गीतांजली म्हणाली, आणि मळ्याकडे उतरणाऱ्या वाटेला लागली.